मुलकोवालचा चिमटा : वाल्देमार हाफकिन यांची कहाणी

३० ऑक्टोबर १९०२. अखंड हिंदुस्थानातील पंजाबच्या गुजरात जिल्ह्यात मुलकोवाल नावाच्या गावी प्लेगची लस टोचण्याचे काम चालले होते. गावकरी रांगेत उभे होते. मुंबईहून आलेल्या पाच बाटल्यांतील लस त्या दिवशी १०७ जणांना देण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना मिळालेली लस एकाच बाटलीतील होती आणि त्या बाटलीवर ५३-एन असा क्रमांक होता. आठवडाभराने या १९ जणांचे जबडे आखडू लागले, पाठी ताठरल्या. त्यांना धनुर्वात झाला होता. त्यांतला एकही वाचला नाही. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

या घटनेने ज्याच्या आयुष्याचे दोन तुकडे केले, तो माणूस त्या दिवशी मुलकोवालपासून शेकडो कोस दूर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत होता. वाल्देमार मोर्दखाय हाफकिन हे त्याचे नाव. मुंबईतील हाफकिन संस्थेमुळे हे नाव मराठी माणसाच्या कानावरून कधी ना कधी गेलेले असते. पोलिओचे थेंब आणि सर्पदंशावरील औषध यांच्याशीही ते जोडले गेले आहे. मात्र संस्थेला ज्याचे नाव दिले, त्या माणसाने काय भोगले, याची आठवण फारशी कोणी ठेवलेली नाही.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी, तेव्हाच्या रशियन साम्राज्यात, एका ज्यू कुटुंबात झाला. ओदेसा येथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे इल्या मेचनिकॉव्ह तिथे त्यांचे गुरू होते. झारच्या राजवटीत ज्यूंवर वारंवार हल्ले होत. ओदेसातील ज्यू तरुणांनी स्वसंरक्षणासाठी दल उभारले, त्यात हाफकिनही सामील झाले. एका चकमकीत ते जखमी झाले, पकडले गेले आणि मेचनिकॉव्ह यांच्या साक्षीमुळे सुटले. झारविरोधी क्रांतिकारक गटांशीही त्यांचा संबंध आला होता, त्यामुळे पोलिसांची नजर त्यांच्यावर कायम राहिली. विद्यापीठात वरच्या जागेसाठी त्यांनी धर्म बदलून ख्रिस्ती व्हावे, अशी अपेक्षा होती. त्यांनी ती नाकारली आणि ओदेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एका साध्या साहाय्यकाची नोकरी पत्करून संशोधन चालू ठेवले.

१८८८ मध्ये ते रशिया सोडून जिनिव्हाला गेले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला. लुई पाश्चर यांच्या संस्थेत तेव्हा मेचनिकॉव्ह काम करीत होते. शिष्यासाठी तिथे संशोधकाची जागा मोकळी नव्हती, म्हणून हाफकिन साहाय्यक ग्रंथपाल झाले. पुस्तके लावून झाल्यावर उरलेल्या वेळेत ते प्रयोगशाळेत बसत. या काळात पटकीवर प्रतिबंधक लस तयार करण्याचा ध्यास त्यांनी घेतला. जंतू आधी दुबळे करायचे, मग दुसऱ्या मात्रेत जोमदार करून द्यायचे, असा त्यांचा मार्ग होता. जनावरांवरील प्रयोग यशस्वी झाल्यावर १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली टोचणी स्वतःच्या अंगात घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतरच त्यांनी ही लस इतरांना देता येईल, असे जाहीर केले.

पण लस सिद्ध व्हायची तर जिथे पटकीची साथ दरवर्षी माणसे नेते, तिथे जाणे भाग होते. रशियाने त्यांना दार उघडले नाही. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या प्रयत्नांतून मार्ग निघाला आणि १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले. पुढची दोन वर्षे त्यांनी आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत, छावण्यांतून, तुरुंगांतून आणि झोपडवस्त्यांतून सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. हे काम कुठल्याही रुग्णालयात होत नव्हते. अंगणात, पारावर, वस्तीच्या गल्लीत, माणूस जिथे राहतो तिथे जाऊन ते करायचे होते. टोचणी कोणावर सक्तीने लादायची नाही आणि ज्यांनी घेतली नाही त्यांचीही नोंद ठेवायची, हा दंडक हाफकिन यांनी सुरुवातीपासून पाळला. घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची तुलना झाल्याशिवाय लसीचा गुण कळणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. या फिरतीत त्यांना हिवतापाने गाठले. १८९५ मध्ये प्रकृती सावरण्यासाठी ते युरोपात परतले आणि पूर्ण बरे होण्याआधीच पुन्हा हिंदुस्थानात आले.

इकडे १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात माणसे भराभर मरू लागली. धान्याची कोठारे, गोदीजवळची दाटीवाटी, अंधाऱ्या खोल्या आणि मेलेले उंदीर, असे ते दृश्य होते. त्या वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरने रोग्यांच्या जांघेतील आणि काखेतील गाठी पाहिल्या आणि हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान केले. हे डॉक्टर म्हणजे बार्देश तालुक्यातील हडफडे गावचे सुपुत्र डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले व्हिएगस मुंबई महापालिकेचे सदस्यही होते. शहरात प्लेग शिरल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले, तेव्हा ते अनेकांना रुचले नाही. बंदराच्या व्यापाराला त्याने धक्का बसणार होता. तपासाअंती व्हिएगस यांचे म्हणणे खरे ठरले. साथ पसरत गेली आणि लाखो लोक मुंबई सोडून गावोगाव पळाले.

सरकारने रोग आटोक्यात आणण्यासाठी जे उपाय योजले, ते लोकांना रोगापेक्षा भयंकर वाटले. घराघरांत शिरून झडती घ्यायची, रोगी उचलून रुग्णालयात न्यायचा, घरात औषधी द्रावण ओतायचे, सामान जाळायचे, असा तो खाक्या होता. लोक रोगी लपवू लागले. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात पुढच्या वर्षी याच सक्तीतून रँडचा वध झाला. त्याच पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेग पिसवांमुळे उंदरांकडून माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. तोवर रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याला आपण नेमके कशापासून जपायचे, हेच माहीत नव्हते.

या भयाच्या वातावरणात ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन यांना मुंबईस पाचारण करण्यात आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या बळावर त्यांनी काम सुरू केले. प्लेगचे जंतू त्यांनी बोकडाच्या मांसाच्या रसात वाढवले आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. तुपाच्या थेंबाला धरून जंतूंचे धागे खाली लोंबत वाढत. गोमांस किंवा डुकराची चरबी त्यांनी कटाक्षाने टाळली, कारण हिंदू आणि मुसलमान दोघांनीही ही लस मनात किंतू न ठेवता घ्यावी, अशी त्यांची इच्छा होती. वाढलेले जंतू उष्णतेने मारायचे आणि त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालून लस सुरक्षित करायची, अशी ती पद्धत होती. साहाय्यक थकून आजारी पडत होते, तरी काम थांबले नाही. तीन महिन्यांत लस हाती आली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप चढला, वेदना झाल्या. त्यांनी आपले काम तसेच चालू ठेवले आणि ही गोष्ट काही काळ फारशी कोणाला कळू दिली नाही. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस न घेतलेल्या कैद्यांत रोग्यांचे आणि मृतांचे प्रमाण स्पष्टपणे अधिक राहिले.

त्यानंतरची मोठी कसोटी पोर्तुगीज मुलखात झाली. गोव्याप्रमाणेच पोर्तुगिजांच्या अमलाखालील दमणमध्ये १८९७ च्या वसंतात प्लेगने कहर केला. तिथे ज्या वस्तीत लस दिली गेली, तिथले २,१९७ लोक लस घेणारे आणि ६,०३३ न घेणारे होते. लस घेतलेल्यांपैकी ३६ जण दगावले, न घेतलेल्यांपैकी १,४८२. शेकड्यात सांगायचे तर दोनांहून कमी मृत्यू एका बाजूला आणि जवळजवळ पंचवीस दुसऱ्या बाजूला. दमणच्या या आकड्यांनी हाफकिन यांच्या लसीवरचा विश्वास दृढ केला.

तरीही शंकेला जागा होती. लस घेणारे मुळातच सधन, स्वच्छ घरांत राहणारे असतील तर? हा प्रश्न हाफकिन यांना स्वतःलाही छळत असावा, कारण त्यांनी त्याचे उत्तर शोधण्याची रीत काढली. १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळ उंढेरा या गावी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली गेली आणि निम्म्यांना नाही. त्यानंतर ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांत लस घेतलेले ७१ जण होते. त्यांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मृत्यू पावले. त्याच घरांतील, त्याच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या, लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मरण पावले. एकाच छपराखालचा हा फरक कोणालाही नाकारता येण्याजोगा नव्हता. आजच्या दृष्टीने पाहता त्या निम्म्या माणसांच्या वाट्याला आलेले दुर्दैव मनाला बोचते. त्या काळी मात्र पुराव्याचा दुसरा मार्ग कोणाला सुचत नव्हता.

मुंबईत लोकांचा विश्वास संपादन करण्यात हिंदी माणसांचा मोठा वाटा होता. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः लोकांदेखत लस टोचून घेतली आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली. डॉ. व्हिएगस यांनी स्वतःच्या हाताने सुमारे १८ हजार मुंबईकरांना लस टोचल्याची नोंद आहे. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर भवनात आली. ही वास्तू कधी काळी पोर्तुगीज धर्मगुरूंच्या मठाच्या जागी उभी राहिली होती. पुढे ब्रिटिश गव्हर्नरांचे ते निवासस्थान झाले. आता तिथे काचेच्या हजारो बाटल्यांत लस भरली जाऊ लागली.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले. प्रांतभर मोठ्या प्रमाणावर लसीकरणाचा बेत ठरला आणि मागणी इतकी वाढली की जुनी पद्धत अपुरी पडू लागली. हाफकिन यांनी उत्पादनाची जलद रीत स्वीकारली. तीत कार्बोलिक आम्ल मिसळण्याची पायरी वगळली होती. उष्णतेने जंतू मारल्यावर त्या आम्लाची गरज उरत नाही, असे त्यांचे मत होते आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत अशीच पद्धत रूढ होती. बाटल्या भरल्या गेल्या, बुचे बसवली गेली, आगगाडीने पंजाबकडे रवाना झाल्या. त्यांत ५३-एन ही बाटली होती.

मुलकोवालला त्या दिवशी काय घडले, ते पुढे साक्षींतून उलगडले. बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरण्यात येणारा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला. गावातली ती जमीन होती, गुराढोरांच्या पायाखालची, शेणामातीची. धनुर्वाताचे जंतू अशाच मातीत सुप्त स्थितीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. नियम असा होता की हत्यार ज्योतीवर धरून तापवायचे आणि मगच वापरायचे. मदतनिसाने चिमटा कार्बोलिकच्या पाण्यात हलवून घेतला आणि त्याने ५३-एनचे बूच काढले. धनुर्वाताच्या सुप्त जंतूंना असे ओझरते बुडवणे पुरत नाही, ज्वाला लागते. क्षणभराचा तो आळस असेल, घाई असेल किंवा हे एवढे पुरेसे आहे असा प्रामाणिक समज असेल. त्या मदतनिसाला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. दिवसाला शेकडो माणसे टोचायची, ऊन तळपते आहे, रांग संपत नाही, कोणी देखरेख करीत नाही, अशा वेळी शंभरातल्या नव्याण्णव जणांच्या हातून जे होईल तेच त्याच्या हातून झाले.

सरकारने चौकशी समिती नेमली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स तिचे प्रमुख होते. समितीने निष्कर्ष काढला की बाटली मुलकोवालला उघडण्याआधीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत दूषित झाली. कार्बोलिक आम्ल वगळण्याचा निर्णय हाफकिन यांच्या अंगाशी आला. प्रयोगशाळेचे संचालकपद गेले. १९०४ मध्ये ते इंग्लंडला निघून गेले. ज्याने आपल्या अंगात आधी टोचून मग दुसऱ्याला टोचले, त्याच्या माथी १९ निरपराध माणसांच्या मृत्यूचा डाग लागला. हा माणूस इंग्रज नव्हता, सरकारी वैद्यक सेवेतला नव्हता, वैद्यकाची पदवी त्याच्याकडे नव्हती आणि तो रशियातून आलेला ज्यू होता. यांतले काही ना काही त्याच्या विरोधात गेले, असे पुढे अनेकांनी मानले. फ्रान्समध्ये निरपराध ज्यू अधिकारी ड्रेफस याच्यावर झालेल्या अन्यायाशी या प्रकरणाची तुलना झाली, ती उगाच नव्हे.

चौकशीची कागदपत्रे बाहेर आली, तेव्हा जाणकारांच्या ध्यानात काही विसंगती आल्या. बाटली प्रयोगशाळेत दूषित झाली असती, तर मधल्या काळात तिच्यात धनुर्वाताचे जंतू वाढून तीव्र दुर्गंध सुटला असता. लस देणाऱ्या डॉक्टरने बाटली उघडताना वास घेतला होता आणि त्याला तसा काही वास आला नव्हता. शिवाय बाटलीत आधीपासून विष साठलेले असते, तर लक्षणे फार लवकर दिसली असती. प्रत्यक्षात ती आठवडाभराने दिसली, म्हणजे जंतू नुकतेच शिरले होते. आणि मातीत पडलेल्या चिमट्याची साक्ष होतीच. लंडनच्या लिस्टर संस्थेच्या तज्ज्ञांनीही बाटली नेमकी कुठल्या टप्प्यावर आणि कशी दूषित झाली, हे ठरवणे अशक्य असल्याचे मत दिले होते. मग दोष एकट्या प्रयोगशाळेचा कसा?

हा प्रश्न हाती घेणाऱ्यांत सर्वांत पुढे होते सर रोनाल्ड रॉस. हिंदुस्थानातच हिवतापाचा आणि डासाचा संबंध शोधून १९०२ चे नोबेल मिळवलेला हा शास्त्रज्ञ. रॉस यांनी लेख लिहिले, शास्त्रज्ञांना एकत्र केले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स दैनिकात दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापून आले. हाफकिन यांच्यावरचा आरोप टिकत नाही, असे त्यात निःसंदिग्धपणे मांडले होते. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. पाच वर्षांनी, १९०७ च्या अखेरीस, हाफकिन हिंदुस्थानात परतले.

मात्र परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यातील जीवशास्त्रीय प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली. माणसांवर लसीचे मोठे प्रयोग करण्याची मुभा त्यांना उरली नाही. गावोगाव फिरणारा, लोकांत मिसळणारा हा संशोधक चार भिंतींत बंद झाला. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते सेवेतून निवृत्त झाले आणि फ्रान्सला गेले. लग्न त्यांनी केले नव्हते. आयुष्याच्या उत्तरार्धात ते धर्मनिष्ठ झाले आणि पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षण संस्थांसाठी आपली संपत्ती ठेवून गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ही बातमी त्यांना परदेशात कळली. तोवर या प्रयोगशाळेतून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या. मुंबईच्या एका व्हरांड्यात सुरू झालेल्या कामाने किती घरे वाचवली, याचा हिशेब कोणाला करता येणार नाही. मुलकोवालच्या १९ जणांचा हिशेब मात्र नेमका आहे.

ते १९ जण प्लेगपासून वाचावे म्हणून रांगेत उभे राहिले होते. सरकारवर आणि सुईवर त्यांनी विश्वास टाकला होता. हाफकिन यांना न्याय मिळाला, तेव्हाही या माणसांच्या घरच्यांच्या वाट्याला काय आले, हे इतिहासाने फारसे लिहून ठेवलेले नाही. दोष परळचा की मुलकोवालचा, यावर पाच वर्षे वाद झाला. त्या वादात मूळ धडा काहीसा बाजूला पडला. लस कितीही निर्दोष असो, ती माणसाच्या अंगात शिरण्याआधी शेवटचा हात जिथे लागतो, तिथे शुद्धता राखली गेली नाही, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ पासून शस्त्रक्रियेत कार्बोलिकचा वापर रुजवला होता. त्याआधी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी करून दाखवले होते. ज्ञान होते. मुलकोवालच्या धुळीत ते त्या चिमट्यापर्यंत पोचले नाही.

आज शुश्रूषा पुन्हा घराकडे वळली आहे. शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांत रुग्ण घरी येतो. जखमेवरची पट्टी बदलायला, लघवीची नळी धुवायला, इन्सुलिन टोचायला, सलाइन लावायला घरी परिचारिका येते. रुग्णालयात निर्जंतुक करणारे यंत्र असते, हात धुवायला जागोजागी नळ असतात, वरिष्ठ परिचारिकेची नजर असते. घरात यांतले काही नसते. पिशवी कुठे ठेवायची, पलंगावर की जमिनीवर, हे तिला एकटीने ठरवायचे असते. हात धुवायला स्वच्छ पाणी आणि पुसायला स्वच्छ कापड मिळेल की नाही, याची खात्री नसते. वापरलेली सुई घरच्या कचऱ्यात गेली, तर सकाळी कचरा उचलणाऱ्याच्या बोटात ती रुतते. हातमोजा एका रुग्णाच्या घरून दुसऱ्याच्या घरी तसाच गेला, तर त्याच्याबरोबर आणखीही काही जाते. सत्तरीतल्या वाड्यावरचे घर असो, मडगावची सदनिका असो किंवा मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसर भागातले एखादे मराठी घर असो, ही अडचण सगळीकडे सारखीच आहे.

अशा वेळी जमिनीवर पडलेली वस्तू उचलून पुसून वापरायचा मोह प्रत्येक हाताला होतो. वेळ कमी असतो, दुसरी सुई पिशवीच्या तळाशी असते, पाहणारे कोणी नसते. घरच्यांनाही याची जाण असली, तर त्यांनी परिचारिकेला साबण आणि पाणी आधी द्यावे, चहा नंतर. तिने वस्तू बदलायला वेळ घेतला, तर घाई करू नये. हे शिष्टाचार वाटतात, पण त्यांत माणसाचा जीव गुंतलेला आहे.

परळला हाफकिन संस्थेच्या आवारात आजही ती जुनी वास्तू उभी आहे. तिथून गेलेल्या बाटल्यांनी लाखोंना वाचवले. त्यांतली एक बाटली पंजाबातल्या एका खेड्यात उघडली गेली आणि जमिनीवर पडलेल्या चिमट्याने १९ जणांचे प्राण घेतले. त्या चिमट्याला तेव्हा काही क्षण ज्योतीवर धरले असते, तर मुलकोवालचे नाव आज कोणाला ठाऊकही नसते.